प्लॅस्टिकच्या डब्यातून अन्नात काय उतरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅस्टिक तर अन्नात विरघळत नाही. मग उतरतं ते काय?

प्लॅस्टिक म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की जागच्या हलत नाहीत, आणि डब्याचा एखादा कपचा पोटात गेलाच तरी एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात शिरत नाही. हलतात ते साखळ्यांच्या मधल्या जागेत राहिलेले छोटे रेणू. जोडायचे राहून गेलेले सुटे मोनोमर (साखळी ज्यांची बनते ते मूळ रेणू), दोन-चारच जोडले गेलेले तुकडे, कारखान्यात वापरलेल्या उत्प्रेरकाचा अंश आणि मुद्दाम घातलेली पूरक रसायनं. प्लॅस्टिक मऊ राहावं, हवेनं किंवा उन्हानं ठिसूळ होऊ नये, साच्यातून सहज सुटावं, त्याला रंग यावा, या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं रसायन लागतं. त्यांतली बरीचशी साखळीला जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. अन्नाचा स्पर्श झाला की ती हळूहळू अन्नाकडे सरकतात. साधारण १००० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) हलके रेणूच आतड्यातून शोषले जातात असं विषशास्त्रात धरतात, म्हणून तपासणीत सगळं लक्ष त्यांच्यावर असतं.

आणखी एक गट आहे आणि मला जास्त काळजी वाटते ती त्याचीच. ही रसायनं कुणी घातलेलीच नसतात. घातलेल्या रसायनांची मोडतोड होऊन किंवा कच्च्या मालातल्या अशुद्धीमुळे ती तयार होतात. उदाहरणार्थ, पॉलिप्रॉपिलीनमध्ये सर्रास वापरलं जाणारं इर्गाफॉस १६८ हे अँटिऑक्सिडंट. ते आपलं काम करताना स्वतः मोडतं आणि त्यातून २,४-डाय-टर्ट-ब्यूटिलफिनॉल हा पदार्थ तयार होतो. डब्यांच्या तपासण्यांत तो वारंवार सापडतो. अशा उपपदार्थांची पूर्ण यादी डबा बनवणाऱ्याकडेही नसते.

किती उतरणार हे कशावर ठरतं?

तापमान, वेळ, अन्नातला स्निग्धांश, आंबटपणा आणि अन्नाच्या मानानं प्लॅस्टिकचा पृष्ठभाग. यांत तापमानाचा हात सगळ्यात मोठा, आणि तो किती मोठा हे सांगायला एकच प्रयोग पुरेसा आहे.

पाण्याच्या बाटल्या पेट नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात आणि पेट बनवताना बहुतेक वेळा अँटिमनी या मूलद्रव्याचा उत्प्रेरक वापरतात. त्याचा थोडा अंश बाटलीच्या भिंतीत राहतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात संशोधकांनी बाटलीबंद पाणी वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहिलं. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात अँटिमनीची मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. २२ अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवलेल्या पाण्यात अँटिमनी जेमतेम वाढलं, मर्यादेच्या जवळपासही गेलं नाही. ६० अंशांना मर्यादा ओलांडायला १७६ दिवस लागतील असा हिशेब निघाला. ७० अंशांना १२ दिवस. ८० अंशांना २.३ दिवस. ८५ अंशांना १.३ दिवस.

हे आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. ६० वरून ८५, म्हणजे फक्त २५ अंशांची वाढ, आणि जवळजवळ सहा महिन्यांचा काळ दीड दिवसाच्याही आत आला. तापमान वाढलं की प्लॅस्टिकच्या साखळ्या सैल होतात, मधल्या जागा मोठ्या होतात आणि छोट्या रेणूंना वाट मिळते. म्हणून थंड पाण्याची बाटली कपाटात महिनाभर राहिली याची चिंता करण्यापेक्षा तीच बाटली उन्हात बंद गाडीत किती वेळ होती हे विचारावं.

तेलकट अन्नाचं वेगळं काय?

टोमॅटोचं सूप पांढऱ्या डब्यात गरम केलं की आत नारिंगी डाग पडतो आणि कितीही घासला तरी जात नाही. तो डाग वरवर बसलेला नसतो. टोमॅटोचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. तेल प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात मुरतं, त्याला किंचित फुगवतं आणि रंगाला आत घेऊन जातं. आत जायला जी वाट झाली त्याच वाटेनं प्लॅस्टिकमधली रसायनं बाहेर येतात. पूरक रसायनांपैकी बहुतेकांना पाण्यापेक्षा तेल जवळचं, त्यामुळे लोणी, चीज, तळलेले पदार्थ, तेलाचा तवंग असलेलं कालवण यांत ती पाण्याच्या कितीतरी पट उतरतात.

मायक्रोवेव्हमध्ये याची दुसरी बाजू दिसते. पाणी १०० अंशांना उकळून तिथेच थांबतं, पण तेल आणि साखर त्याच्या बरीच वर तापतात. झाकणावर किंवा डब्याच्या कडेला जिथे तेलाचे शिंतोडे उडालेले असतात, नेमकं तिथेच प्लॅस्टिक खरखरीत, पांढुरकं झालेलं दिसतं. तिथला पृष्ठभाग वितळून उखडलेला असतो.

‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असेल तर?

डबा मायक्रोवेव्हमध्ये वितळणार नाही, वाकणार नाही, एवढी खात्री त्या शब्दांतून मिळते. चांगल्या उत्पादकानं गरम अन्नाची पाझर-चाचणीही केलेली असते. पण काहीच उतरणार नाही, असा त्याचा अर्थ कुठेच होत नाही. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात २०२३ मध्ये झालेल्या प्रयोगात बाळांच्या अन्नाचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये तापवले, तेव्हा काही नमुन्यांत एका चौरस सेंटिमीटरमागे ४० लाखांहून जास्त सूक्ष्म आणि दोनशे कोटींहून जास्त अतिसूक्ष्म प्लॅस्टिकचे कण सुटले. एवढ्या कणांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास अजून चालू आहे. तोवर अन्न काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून तापवावं. एक भांडं जास्त घासावं लागतं, एवढाच त्याचा त्रास.

डब्याखाली त्रिकोणात आकडा असतो. कोणता आकडा सुरक्षित?

तो आकडा सुरक्षिततेचा नाहीच. कचऱ्यातून प्लॅस्टिक वेगवेगळं काढता यावं म्हणून अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगानं १९८८ मध्ये ही पद्धत आणली. प्लॅस्टिकची जात मात्र त्यावरून कळते, आणि जात कळली की अंदाज बांधता येतो.

डब्यांसाठी मला सगळ्यात बरं वाटतं ते ५, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते साधारण १६० अंशांच्या वर वितळतं आणि त्याला मऊ करायला प्लॅस्टिसायझर लागत नाही. २ आणि ४ ही पॉलिथिलीनची दोन रूपं, थंड आणि कोरड्या पदार्थांना ठीक. १ म्हणजे पेट. ते ७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत गरम काही ओतू नये. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे. ३ म्हणजे पीव्हीसी, हे अन्नापासून लांबच ठेवावं. ७ हा आकडा सर्वांत फसवा. पहिल्या सहांत न बसणारं सगळं त्यात येतं: बीपीए (त्याबद्दल पुढे) असलेलं कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेटही आणि मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलएही.

‘बीपीए-फ्री’ म्हणजे निर्धास्त?

बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए, हा पॉलिकार्बोनेटचा मूळ घटक. टिनच्या डब्यांना आतून दिलेल्या इपॉक्सी थरातही तो असतो. १९३० च्या दशकातच इंग्लंडमधल्या चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं होतं की हा रेणू शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं काम करतो. औषध म्हणून तो मागे पडला, आणि १९५० च्या दशकात त्यापासून पारदर्शक, न फुटणारं प्लॅस्टिक तयार झालं. संप्रेरकासारखं वागणारा रेणू जेवणाच्या भांड्यात आला तो असा.

पुढचा इतिहास मर्यादा खाली येत गेल्याचा आहे. कॅनडानं २००८ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए काढण्याचं जाहीर केलं, युरोपीय संघानं २०११ मध्ये अशी बंदी घातली, अमेरिकेनं २०१२ मध्ये परवानगी काढून घेतली. २०१५ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, ईएफएसएनं, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅमपर्यंत बीपीए चालेल असं म्हटलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये तीच मर्यादा ०.२ नॅनोग्रॅमवर (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) आणली, म्हणजे २० हजार पटींनी खाली. जर्मनीच्या बीएफआर या सरकारी धोका-मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही. तिच्या हिशेबानं २०० नॅनोग्रॅम पुरेसे होते. तज्ज्ञांमध्ये एवढं अंतर आहे हे खरं, पण बीएफआरचा आकडासुद्धा जुन्या मर्यादेच्या विसाव्या हिश्शाएवढाच आहे, हेही ध्यानात घ्यावं. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघानं अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी मंजूर केली, आणि ती टप्प्याटप्प्यानं लागू होते आहे.

आता मूळ प्रश्न. बीपीए काढला की त्या जागी दुसरं काहीतरी येतं. अनेकदा ते बीपीएस किंवा बीपीएफ, म्हणजे बिस्फेनॉल एस किंवा एफ असतं. त्यांची रचना बीपीएसारखीच, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्यांचं संप्रेरकी वागणंही बरंचसं तसंच दिसलं आहे. त्यामुळे ‘फ्री’ हा शब्द वाचला की मी पुढचा प्रश्न विचारतो: मग यात आहे काय? उत्तर ‘पॉलिप्रॉपिलीन’ असेल तर त्यात बीपीए मुळातच नव्हता.

जुने, चरे पडलेले डबे का टाकायचे? वापरून वापरून त्यातलं सगळं निघून गेलं असेल ना?

हा विचार अगदीच चुकीचा नाही. बहुतेक प्लॅस्टिकमधून पहिल्या काही वापरांत जास्त पाझरतं, मग कमी होत जातं. युरोपच्या नियमांत पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तूंची चाचणी म्हणूनच लागोपाठ तीनदा करतात आणि तिसऱ्या वेळचा आकडा धरतात. नवा डबा वापरण्याआधी गरम पाण्यानं आणि साबणानं धुवावा, तो याच कारणानं.

पण काही प्लॅस्टिकं झिजत नाहीत, मोडतात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. ज्या उंदरांना काहीच दिलेलं नव्हतं त्यांच्याच बीजांडांत गुणसूत्रांची मांडणी अचानक बिघडलेली दिसायला लागली. आधी हे प्रमाण एक-दोन टक्के असायचं, ते ४० टक्क्यांवर गेलं. शोध घेता घेता कारण सापडलं: पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशी धुण्याच्या तीव्र डिटर्जंटनं धुतल्या गेल्या होत्या. त्यानं पॉलिकार्बोनेटच्या साखळ्या तुटून बीपीए मोकळा होत होता आणि उंदरांच्या पोटात जात होता. हंट यांनी मुद्दाम तसेच पिंजरे खराब करून तपासलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीपीएकडे जगाचं लक्ष वळण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

तेव्हा डबा धुरकट झाला, चिकट लागू लागला, तडे गेले, आतून खरवडला गेला, तर तो अन्नासाठी ठेवू नये. कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेट डिशवॉशरमध्ये तर घालूच नये.

सरकारी मर्यादा असतात ना? मग चिंता कशाला?

मर्यादा असतात आणि त्यांचा उपयोगही होतो. त्या कशा मोजतात हे माहीत असलं की त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा ते आपल्याला ठरवता येतं.

युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार प्लॅस्टिकच्या एका चौरस डेसिमीटरमधून सगळं मिळून १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरता कामा नये. बाळांच्या अन्नासाठी ही मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम. खरं अन्न तपासायला अवघड, म्हणून त्याच्या जागी सौम्य आम्ल, पाण्यातलं अल्कोहोल किंवा वनस्पती तेल घेतात आणि, नेहमीची चाचणी असेल तर, ४० अंशांवर १० दिवस ठेवतात. ही एकूण मर्यादा म्हणजे प्लॅस्टिक किती धड आहे याची परीक्षा. विषारीपणाचा विचार त्यात नसतो. त्यासाठी एकेका रसायनाच्या वेगळ्या, कितीतरी कडक मर्यादा आहेत.

एक बारीक गोष्ट मात्र नजरेतून सुटते. हिशेब असा की ६० किलो वजनाचा माणूस रोज एक किलो अन्न खातो आणि त्या किलोला सहा चौरस डेसिमीटर प्लॅस्टिक लागतं. दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळ्यासारखा डबा डोळ्यांसमोर आणा: त्यात एक लिटर मावतं आणि आतली बाजू बरोबर सहा चौरस डेसिमीटर भरते. आता बाजू निम्मी करा. त्यात मावतं १२५ मिलिलिटर, पृष्ठभाग दीड चौरस डेसिमीटर, म्हणजे किलोमागे बारा. छोट्या पाकिटात, पुडीत हे प्रमाण आणखी वाढतं. तरी ५०० मिलिलिटरपेक्षा लहान डब्यांचा हिशेब नियमात सहा धरूनच होतो. बाळांच्या अन्नाला तेवढा अपवाद आहे. मला हा नियम बदलायला हवा असं ठामपणे वाटतं, कारण एकेका घासाची पाकिटं दिवसेंदिवस वाढताहेत.

क्लिंग फिल्म आणि बरण्यांची झाकणं?

पीव्हीसीची फिल्म आणि झाकणाच्या आतली मऊ रिंग, दोन्हींना मऊपणा प्लॅस्टिसायझरमुळे येतो, आणि ते वजनाच्या मोठ्या हिश्शानं घातलेलं असतं. जुन्या काळी थॅलेट होतं, आता ॲडिपेट किंवा इपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल जास्त दिसतं. थॅलेटपैकी डीईएचपी पुरुष संप्रेरकांत अडथळा आणतं, म्हणून गर्भारपणातल्या संपर्काची काळजी जास्त. साधा उपाय: फिल्म तेलकट पदार्थाला चिकटू देऊ नये, वाडग्यावर ताणून लावावी, आणि पॉलिथिलीनची मिळत असेल तर तीच घ्यावी. तेलात बुडवलेल्या पदार्थांची बरणी उभी ठेवावी, आडवी नाही, म्हणजे तेल झाकणाला लागून राहत नाही.

बाळाच्या दुधाच्या बाटलीचं काय करावं?

बाळ वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त पितं, आणि त्याची यकृत-मूत्रपिंडं अजून पक्की झालेली नसतात. त्यामुळे इथे काळजी घ्यायलाच हवी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाण्यानं दूध तयार केलं तर लिटरमागे १.६ कोटीपर्यंत सूक्ष्म कण सुटू शकतात, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त. त्यांनी सुचवलेली रीत सोपी आहे. पाणी प्लॅस्टिक नसलेल्या भांड्यात उकळायचं, पावडर पाणी गरम असतानाच काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवायची, दूध पिण्याजोगं कोमट झालं की मग बाटलीत ओतायचं. त्याआधी निर्जंतुक केलेली बाटली उकळून थंड केलेल्या पाण्यानं किमान तीनदा विसळायची. निर्जंतुकीकरण मात्र अजिबात टाळू नये. जंतूंचा धोका आजचा आणि खात्रीचा आहे.

फ्रीजरमध्ये ठेवल्यावर डायऑक्सिन सुटतात का?

नाही. गारव्यात रेणूंची हालचाल मंदावते, त्यामुळे उलट कमी उतरतं. डायऑक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात ती क्लोरीन असलेले पदार्थ शेकडो अंशांना जळताना. गोठलेलं अन्न त्याच डब्यात तापवू नका, एवढंच.

फोमचे कप आणि काळे डबे?

फोम म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. गरम आणि तेलकट पदार्थात त्यातून स्टायरीन, म्हणजे त्याचा मोनोमर, उतरतं, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये स्टायरीनला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. गरम पेयासाठी फोम टाळावाच.

काळ्या प्लॅस्टिकची भीती २०२४ मध्ये एका शोधनिबंधामुळे पसरली. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या पुनर्वापरातून आगरोधक रसायनं स्वयंपाकघरातल्या काळ्या वस्तूंत आल्याचं त्यात दिसलं. पण सुरक्षित मर्यादेचा गुणाकार चुकला होता: ६० किलोच्या माणसासाठी ४,२०,००० नॅनोग्रॅमऐवजी ४२,००० धरले गेले, आणि धोका दहापट जवळ वाटला. लेखकांनी दुरुस्ती छापली. रसायनं सापडली हे मात्र खरंच आहे आणि अन्नाच्या वस्तूंत त्यांना जागा असू नये. काळ्या नायलॉनचा उलथना तापलेल्या तव्यावर तसाच ठेवू नये, याला वेगळं कारणही आहे: काही निकृष्ट उलथन्यांतून ॲरोमॅटिक अमाइन ही घातक रसायनं उतरतात.

मेलामाइनच्या ताटल्या, सिलिकॉनचे साचे?

मेलामाइनमधून सुमारे ७० अंशांच्या वर मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड जास्त उतरतात, आंबट पदार्थात आणखी. त्यात जेवायला हरकत नाही, तापवायला आहे. बांबूचे म्हणून मिळणारे बरेच कप म्हणजे मेलामाइनमध्ये मिसळलेला बांबूचा भुसा असतो. सिलिकॉन बरं, पण निकृष्ट साच्यातून भाजताना लहान सिलॉक्सेन (सिलिकॉनच्या साखळीचे छोटे तुकडे) सुटतात. नवा साचा वापरण्याआधी रिकामाच ओव्हनमध्ये तापवून घ्यावा.

ही रसायनं शरीरात साठतात का?

बीपीए आणि थॅलेट साठत नाहीत. बहुतांश एका दिवसात लघवीवाटे जातात. तरी अमेरिकेत २००३-०४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९३ टक्के लोकांच्या लघवीत बीपीए सापडला, म्हणजे जेवढा जातो तेवढा रोज पुन्हा येतो. सवय बदलली की फरक लवकर दिसतो तो यामुळेच. २०११ च्या एका अभ्यासात २० जणांना तीन दिवस फारसं पॅकबंद नसलेलं ताजं अन्न दिलं, तर बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी आणि डीईएचपीचे अंश निम्म्याहून जास्त घटले.

पण २०१३ मध्ये सिॲटलला झालेल्या अशाच प्रयोगात उलट घडलं. अन्न प्लॅस्टिकविना शिजवून, प्लॅस्टिकविना पोचवूनही डीईएचपी वाढलं. तपासलं तर धणेपूड आणि दूध यांतच ते निघालं. कारखान्यातल्या नळ्या, पट्टे, हातमोजे यांतूनही ही रसायनं अन्नात येतात, आणि ते थांबवणं घरातल्या माणसाच्या हातात नाही. त्यासाठी नियमच हवेत, आणि ते मागायला हवेत.

मग घरातले सगळे डबे टाकून देऊ?

गरज नाही. धान्य, सुकामेवा, बिस्किटं प्लॅस्टिकमध्ये खुशाल ठेवा. गरम, तेलकट आणि आंबट पदार्थ काचेत किंवा स्टीलमध्ये हलवा. एकदाच वापरायचे डबे, आइस्क्रीमचे किंवा लोण्याचे, गरम अन्नाला वापरू नका. त्यांची चाचणी थंड पदार्थासाठी झालेली असते. नवा डबा घेताना पेला आणि काटा असं चिन्ह पाहा, म्हणजे तो अन्नासाठीच बनवलेला आहे हे कळतं. बजेट थोडं असेल तर मायक्रोवेव्हसाठी काचेचं एक भांडं आधी घ्या, बाकीचं सवडीनं.

घरच्या घरी तपासता येतं का?

नाकाला थोडंफार कळतं. स्टायरीन अगदी कमी असलं तरी प्लॅस्टिकचा वास मारतो, आणि पेटमधून उतरलेल्या ॲसिटाल्डिहाइडनं पाण्याला गोडसर चव येते. असं काही जाणवलं तर ते अन्न आणि तो डबा दोन्ही बाजूला करावं. वास आला नाही म्हणून मात्र काही उतरलं नाही असं धरू नये. बीपीए, थॅलेट आणि अँटिमनी अन्नात ज्या प्रमाणात उतरतात, त्या प्रमाणात त्यांचा वासही येत नाही आणि चवही लागत नाही.